हवेली मालकाची, वारसा कोणाचा?

१/ मॉरिशसला जाणारा मराठी प्रवासी हल्ली एखादी 'क्रिओल हवेली' हमखास पाहतो. ऐसपैस व्हरांडा, निगुतीने राखलेली बाग, जेवणाचे लांबलचक मेज. चहा होतो, छायाचित्रे निघतात. ही हवेली कोणाच्या श्रमावर उभी राहिली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. निदान मराठी माणसाने तरी ते विचारले पाहिजे. #थ्रेड

२/ मोका येथील 'युरेका' १८३० ची. १८५६ मध्ये ती ल क्लेझिओ घराण्याकडे आली आणि आज शंभरावर दारांसाठी ओळखली जाते. मापू येथील 'शातो द लाबुर्दोने' १८५९ मध्ये पूर्ण झाली. दोन्ही वास्तू देखण्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या भोवतीच्या मौनाबद्दल.

३/ १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. सुमारे ६६ हजार माणसे कागदोपत्री मुक्त झाली. ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई दिली, तीही गुलामांना नव्हे, मालकांना! मुक्त झालेल्यांच्या वाट्याला आली १८३९ पर्यंतची सक्तीची 'उमेदवारी'.

४/ ऊस तोडायला माणसे हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय मजूर या मार्गाने गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते, विशेषतः रत्नागिरीकडचे.

५/ करार पाच वर्षांचा, पगार सुरुवातीला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला 'डबल कट' म्हणत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगणे भाग पडले. तो नसेल तर भटका ठरवून अटक.

६/ पासासाठी काढलेली ती छायाचित्रे आज महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात आहेत. ही संस्था कोठे आहे? युरेकाच्याच मोका गावात. हवेलीतून निघालेल्या प्रवाशाला हे चेहरे कधी कोणी दाखवते का?

७/ 'आजच्या मापाने भूतकाळ मोजू नका,' असे सांगितले जाते. पण ही तक्रार आजची नाही. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ यांनी ९,४०१ मजुरांच्या वतीने अर्ज केला. १८७२ मध्ये शाही आयोग आला आणि त्याने अन्यायाची दखल घेतली. त्या काळालाही हे ठाऊक होते.

८/ आता 'क्रिओल' हा शब्द. मॉरिशसमध्ये तो मुख्यतः आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या वंशजांना लावतात. त्यांच्या पूर्वजांनी घडवलेली क्रिओल भाषा आज मराठी वंशाच्या घरांतही बोलली जाते. पर्यटनाच्या बाजारात मात्र 'क्रिओल' म्हणजे मालकाचे घर. माणसे वगळली, विशेषण ठेवून घेतले.

९/ आपल्यातही एक अहंकार आहे : 'आमचे लोक करार करून गेले, ते गुलाम नव्हते.' हा फरक खरा आहे आणि तो पुसू नये. पण त्यावरून क्रिओल समाजाकडे वरून पाहण्याचा अधिकार मिळत नाही. दोघांच्याही घामाची साखर एकाच घाण्यातून निघाली.

१०/ 'घर म्हणजे वास्तुकला, तिथे दुःख कशाला उकरायचे?' अमेरिकेच्या लुइझियानातील 'व्हिटनी' हा उसाचा मळा २०१४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तिथे सारी कथा गुलामांच्या बाजूने सांगितली जाते. भिंतींवर त्यांची नावे कोरली आहेत. सत्य सांगितले म्हणून वास्तू पडत नाही.

११/ हे केदारखेड्यात, जालना–भोकरदन रस्त्याकडेच्या गावात, कशाला वाचायचे? ती जहाजे निघाली तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथला धागा जहाजाचा नाही, उसाचा आहे. याच जालना जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी 'कोयता' होऊन ऊसतोडीला बाहेर पडतात.

१२/ तिथे टोळीवर 'सरदार' होता, इथे 'मुकादम' आहे. तिथे करार होता, इथे 'उचल' आहे. तिथे 'डबल कट' होता; इथे एक दिवस आजारपणात गेला तर 'खाडा' लागतो आणि उचलीतून रक्कम कापली जाते. दोन्ही व्यवस्था एकच नव्हेत. पण आजारी माणसालाच दंड करण्याचा न्याय तोच आहे.

१३/ म्हणून हवेली जरूर पाहावी. मार्गदर्शकाला विचारावे : मजुरांचा कॅम्प कोठे होता? त्यांची नावे कोठे लिहिली आहेत? भरपाई कोणाला मिळाली? मग पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर आणि पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेल्या ल मोर्न डोंगराशी जावे. दोन्ही जागतिक वारसास्थळे आहेत.

१४/ आणि परतल्यावर कारखान्याच्या तळावरची उसाच्या पाचटाची कोपीही पाहावी. शंभर वर्षांनी कारखान्याचे कार्यालय वारसा म्हणून जपले जाईल आणि कोपीचा मागमूस उरणार नाही, असे होऊ द्यायचे नसेल, तर त्या माणसांची नोंद आजच झाली पाहिजे. #समाप्त