सुटी मुलांची, परीक्षा पालकांची

घरात एखाद्या मुलाने धिंगाणा घातला, की ‘याला आता येरवड्यालाच पाठवायला हवे’ हे उद्गार महाराष्ट्रात कोठेही ऐकू येतात. मध्यवर्ती कारागृह आणि मनोरुग्णालय यांमुळे येरवड्याचे नाव थट्टेचा व धाकाचा विषय होऊन बसले आहे. थट्टा करणाऱ्याचे त्यात काही जात नाही. परंतु येरवड्यातच वाढणाऱ्या मुलाला चारचौघांत आपला पत्ता सांगताना संकोच वाटू लागतो. आपली वस्ती सांगण्यासारखी नाही, हा समज कोवळ्या मनात एकदा रुजला, की तो सहजासहजी निघत नाही. तो दूर करण्यास उन्हाळ्याच्या सुटीसारखी दुसरी संधी नाही.

वस्तुतः सुटी लागताच मध्यमवर्गीय घरांत चिंता सुरू होते, ती मुलाला गुंतवावे कोठे याची. ऐपत असेल तेथे शिबिरांचे शुल्क भरले जाते. नसेल तेथे हाती मोबाईल दिला जातो. दोन्ही मार्गांत आईबाप सुटतात आणि मूल एकटेच राहते. नोकरदार पालकांना उसंत नसते, ही तक्रार खोटी नाही. तथापि या बाबतीत येरवड्याच्याच तुरुंगाचा इतिहास बोलका आहे. १९३० साली तेथे बंदिवासात असलेले गांधीजी साबरमती आश्रमाला दर आठवड्याला पत्र लिहीत आणि आश्रमातील लहान मुलांनाही आठवणीने पत्रे धाडीत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, तीही १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. गजाआडून मुलांशी बोलता येत असेल, तर एका छपराखाली राहणाऱ्यांना ते अशक्य का व्हावे?

त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ ठरवावी आणि ऊन चढण्यापूर्वी मुलांना घेऊन बाहेर पडावे. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या आहेत. महादेवभाईंचे तेथे १९४२ साली, तर कस्तुरबांचे १९४४ साली निधन झाले. सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबा त्या स्थानबद्धतेत गांधीजींकडे भूगोलाचे धडे घेत, हे ऐकल्यावर गणितात मागे पडलेल्या मुलालाही धीर येईल. डेक्कन कॉलेजची इमारत दुसऱ्या एखाद्या सकाळी दाखवावी. टिळक आणि आगरकर यांनी शाळा काढण्याचा बेत १८७९ साली याच कॉलेजात असताना रचला आणि पुढच्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी उभे राहून मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेला मिळते हे सांगावे; आणि ते इतके गढूळ का, असे मुलाने विचारलेच, तर उत्तर टाळू नये. मोठ्यांच्या चुका मोठ्यांनीच कबूल केल्या, तर मुलांचा विश्वास वाढतो.

घरातही शिकण्याजोगे पुष्कळ असते. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडणे, वाळवणाची राखण करणे, मंडईचा हिशेब वहीत उतरवणे, गावी असलेल्या आजी-आजोबांना पोस्टकार्ड लिहिणे, ही कामे मुले हौसेने करतात. मात्र ती मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून द्यावीत. रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास कोणीतरी मोठ्याने वाचावे आणि त्या वेळी वडीलधाऱ्यांनीही आपला मोबाईल दूर ठेवावा. आणि पथ्य एकच : फिरून आल्यावर ‘काय शिकलास?’ असे विचारून त्या सकाळीची परीक्षा करू नये. मुलाला सांगावेसे वाटेल, तेव्हा ते आपण होऊन सांगेल.

जूनमध्ये शाळा उघडतील आणि नव्या वर्गात पुन्हा नाव-पत्ता विचारला जाईल. त्या वेळी ‘येरवडा’ हा शब्द मुलाने मान खाली न घालता उच्चारला, तर पालकांची सुटी कारणी लागली असे खुशाल समजावे.