आराखड्यात आजार कुठे?

कोणत्या तालुक्यात नवे महाविद्यालय हवे, हे ठरवण्यासाठी राज्यातील विद्यापीठे दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा करतात. त्या तालुक्यातली माणसे कशाने आजारी पडतात, याचा विचार त्यात अभावानेच होतो. विद्यापीठे उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. या वाटणीत रुग्णाचा प्रश्न संशोधकापर्यंत पोहोचतच नाही.

पोहोचला तर काय होते, हे गडचिरोलीने दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरोघरी काळजी घेतली. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशां’मार्फत ही पद्धत देशभर नेली. मोजमाप नेटके होते, म्हणूनच दिल्लीला ते मानावे लागले. पण हे काम एका स्वयंसेवी संस्थेचे. विद्यापीठांच्या नावावर असे काय आहे?

बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात होती. ते उघड केले कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी. २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आजूबाजूला वैद्यकीय महाविद्यालये असताना हे आधी टिपले गेले नाही, ही गोष्ट आम्हाला अतिशय गंभीर वाटते.

माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही. एमडी-एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यांतले थोडे जरी विषय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने सुचवले, मेळघाटातले कुपोषण, विदर्भातला सिकलसेल, मराठवाड्यातला उष्माघात असे, तरी राज्याला दरवर्षी उपयोगी माहिती मिळेल. त्यासाठी आरोग्य केंद्रांतल्या नोंदी, रुग्णांची नावे वगळून, संशोधकांना खुल्या कराव्या लागतील. प्रवासखर्चाची तरतूद लागेल. निष्कर्ष अडचणीचा निघाला तरी तो दडपला जाणार नाही, ही हमी सर्वांत आधी लागेल.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षण व विकास आयोगाची तरतूद केली आहे. मुख्यमंत्र्यांनी तिन्ही विभागांच्या सचिवांना तिथे एकत्र बसवावे आणि पुढचा बृहत् आराखडा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आजारांपासून लिहायला घ्यावा.