ई२० ने गाडी बिघडवली की पंपाची जाळी तुंबली? फोनवरचा एक आकडा सांगतो

बाबांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाटात अडखळायला लागली. सपाटीला मस्त चालायची. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मात्र जणू कोणीतरी मागून धरून ठेवलंय. साताऱ्याला पोचलो तर शेजारच्या काकांचं निदान तयार होतं: "ई२० रे! सगळ्यांच्याच गाड्या जाणार." गॅरेजवाला म्हणाला, चारही इंजेक्टर बदला.

काकांचा राग समजू शकतो. २० टक्के इथेनॉलचं टार्गेट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवा, ही याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. पेट्रोलियम मंत्रालयाने त्याआधी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की ई१० साठी बनवून ई२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांचं मायलेज १-२ टक्के आणि इतरांचं ३-६ टक्के घटेल. म्हणजे जुन्या गाडीवाल्याला थोडा फटका आहेच. पण घाटात जीव जाणं हा ३-६ टक्क्यांचा फटका नाही ना?

म्हणून मी ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावला. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा पोर्ट असतो, त्यात तो बसतो आणि ॲपवर इंजिनचा डेटा दिसतो. (आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या, साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही.) त्यात बघायचं 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम'. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवत असतो की पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय. त्यावरून कॉम्प्युटर ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा.

आता गणित. १ किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९. ई१० चा हिशोब १४.१ च्या आसपास येतो, ई२० चा १३.५ च्या. म्हणजे त्याच हवेत ई२० जास्त घालावं लागतं: ई१० च्या गाडीला ४ टक्क्यांच्या आसपास, शुद्ध पेट्रोलवर ट्यून केलेल्या गाडीला ८-९. ट्रिम एवढाच वर असेल आणि आयडल असो की चढ, साधारण तिथेच राहत असेल, तर ते ई२० चं काम.

आमचा आयडलला +६ होता. तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना +२२! (बाबा चालवत होते, फोन माझ्या हातात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, तेव्हा कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकणं सोडतो.) इंधन तेच, मग लोड आल्यावरच एवढी कमतरता का? कारण मागणी वाढली की पुरवठा कमी पडतोय: पंप, फिल्टर किंवा लाईन. उलटं असतं, म्हणजे आयडलला जास्त आणि रेसवर कमी, तर कुठूनतरी हवा लीक होतेय असा संशय घेतला असता. आणि इंजेक्टर? चारही एकदम तुंबणं मला पटत नव्हतं.

दुसऱ्या मेकॅनिककडे गेज लावून घेतला. हे घरी करू नका, लाईनमध्ये प्रेशरखाली पेट्रोल असतं. आयडलला प्रेशर ठीक, रेस दिली की घसरत होतं. पंपाला व्होल्टेज बरोबर मिळत होतं. टाकीतून पंप काढला तर तळाची जाळी चिखलासारख्या गाळाने भरलेली. जाळी आणि फिल्टर बदलले, टाकी धुतली, इंजेक्टरना हात लावला नाही. पुढच्या खेपेला त्याच चढावर +७.

ई२० अगदी निर्दोष, असंही मी म्हणणार नाही. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सैल करतं आणि पाणीही ओढून घेतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेच मान्य केलंय.

कार्ब्युरेटरवाल्या बाईकला पोर्ट नसतो. तिथे चोक थोडा ओढून बघा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पोचतंय, जेट साफ करून घ्या. थोडं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत लावा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

आणि हो, काम झालं की डोंगल काढून ठेवा. आमचा तसाच राहिला आणि आठवड्याने बॅटरी उतरली. त्याचंही खापर काकांनी ई२० वरच फोडलं.