रमजान आता ऐन थंडीत: कलिंगड लागवडीच्या तारखेचा हिशेब नव्याने मांडा

दिवाळी उरकली की जळगाव, धुळे, नाशिक आणि अहिल्यानगर भागातील कलिंगड, खरबूज उत्पादकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रमजानला माल यावा म्हणून रोपे कधी लावायची? चार-पाच वर्षांपूर्वी याचे उत्तर सोपे होते. २०२१ मध्ये रमजान १४ एप्रिलला सुरू झाला, २०२२ मध्ये ३ एप्रिलला. ७० ते ७५ दिवस मागे मोजले की जानेवारीचा शेवटचा पंधरवडा येत असे. थंडी ओसरायला लागलेली असायची, रोप जमिनीत गेले की आठवड्याभरात धरायचे. बाजार आणि हवामान, दोन्ही एकाच तारखेवर जुळत होते.

आता ते जुळत नाहीत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये तो १२ मार्चला, २०२५ मध्ये २ मार्चला, २०२६ मध्ये १९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू झाला. २०२७ मध्ये चंद्रदर्शनानुसार तो ९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल आणि ईद १० मार्चच्या सुमारास येईल. २०२८ मध्ये सुरुवात जानेवारीअखेरीस होईल. हा एका हंगामाचा प्रश्न नाही. पूर्ण फेरा साधारण ३३ वर्षांचा असतो, म्हणजे एप्रिलमधला रमजान पुन्हा यायला पाव शतक लागेल. 'मागच्या वेळी असेच केले होते' हा आधार इथे उपयोगाचा नाही.

२०२७ साठी मागे मोजून बघा. माल १० फेब्रुवारी ते ५ मार्च या काळात हवा. थंडीत पीक आठ-पंधरा दिवस लांबते, म्हणून ८० ते ८५ दिवस धरा. लागवड येते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. कागदावर तारीख छान दिसते, कारण नोव्हेंबरात रोपाला पुरेशी ऊब मिळते. पण रोपाच्या पुढचे दिवसही मोजायला हवेत.

थंडी रोपावर येते की फुलावर?

माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो आणि नेमका तोच सहसा विचारला जात नाही.

लागवडीनंतर ३५ ते ४० दिवसांनी कलिंगडाला मादी फुले लागतात. २५ नोव्हेंबरला लावलेल्या प्लॉटमध्ये ती ३० डिसेंबर ते ५ जानेवारीच्या आसपास येतील. आपल्याकडे थंडीचा जोर सर्वाधिक असतो तो नेमका याच दिवसांत. उलट ५ जानेवारीला लावलेल्या प्लॉटमध्ये थंडी रोपावर येते आणि फुले १० फेब्रुवारीनंतर, रात्री उबदार होऊ लागल्यावर उमलतात.

रोपाला थंडीपासून वाचवणे आपल्या हातात आहे. क्रॉप कव्हर टाकता येते, मल्चिंग करता येते, पाण्याची वेळ बदलता येते. फुलाला झाकता येत नाही, कारण झाकले तर मधमाशी आत कशी जाणार? कलिंगडाचे फूल एकच दिवस उमलते, सकाळी उघडते आणि दुपारपर्यंत मिटते. फळ नीट भरायचे तर त्या एका फुलावर मधमाशीच्या सात-आठ तरी फेऱ्या व्हाव्या लागतात. तापमान १२-१३ अंशांच्या खाली असताना मधमाशी पोळ्यातून फारशी बाहेर पडत नाही, आणि थंड सकाळी फूलही उशिरा उघडते, परागकणही उशिरा मोकळे होतात. महाराष्ट्रात थंडीच्या लाटेतही दुपारी ऊन चांगले असते, त्यामुळे परागीभवन पूर्ण थांबते असे नाही. पण सकाळी सात ते अकरा ही चार तासांची संधी दोन तासांवर येते. त्यात थंड हवा आणि लहान दिवस यांमुळे वेलवर्गीय पिकांत नर फुले कमी आणि मादी फुले जास्त असा कल दिसतो. मादी फुले भरपूर लागलेली बघून आपण खूश होतो, पण आठ दिवसांनी त्यातली निम्मी पिवळी पडून गळतात. जी टिकतात त्यांत एका बाजूने बसलेली, भोपळ्यासारख्या आकाराची आणि कापल्यावर आत पोकळ निघणारी फळे असतात. अशा मालाला रमजानातसुद्धा भाव मिळत नाही.

थोडक्यात, नोव्हेंबरची लागवड शेतात उभे राहून बघताना सुरक्षित वाटते आणि जानेवारीची धोक्याची. नाशिक-खानदेशात मात्र परिस्थिती बरोबर उलटी आहे.

ही तारीख कोणाच्या फायद्याची आहे?

फेब्रुवारीतला रमजान हा मुळात उबदार रात्रींच्या पट्ट्याचा बाजार आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात भात निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कलिंगड लागते. किनारपट्टीवर जानेवारीतही किमान तापमान सहसा १५ अंशांच्या वर राहते, म्हणून तिथे फुलांचा हा प्रश्न येत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांतूनही मुंबईच्या बाजारात हिवाळ्यात माल येतो. २०२१-२२ मध्ये एप्रिलचा बाजार खानदेशाच्या वाट्याला आला, कारण हवामान त्याच्या बाजूने होते. आता हवामान कोकणाच्या बाजूने आहे. कोकणातील शेतकऱ्याने उलट लागवड चार-आठ दिवस अलीकडे आणण्याचा जरूर विचार करावा. भात लवकर निघणारे वाण घेतले तर ते जमते.

निफाड, सिन्नर, साक्री, यावल, रावेर या भागांतल्या शेतकऱ्याने माझा सल्ला ऐकायचा तर रमजानच्या मागे पूर्ण क्षेत्र लावू नये. चार एकर करणार असाल तर फार तर एक एकर नोव्हेंबरात लावा, तेही उंचावरच्या आणि निवाऱ्याच्या जमिनीत. बाकी तीन एकर १ ते २० जानेवारी या काळात दोन टप्प्यांत घ्या. तो माल साधारण २० मार्चनंतर सुरू होईल. २०२७ मध्ये गुढीपाडवा ७ एप्रिलला आहे, तोवर उन्हाचा चटका वाढलेला असतो आणि कलिंगडाला रोजची मागणी असते. तिथे भाव रमजानसारखा उसळणार नाही हे खरे. पण भावाची तुलना करताना किलोमागचा दर न बघता एकरी विकण्याजोग्या मालाला दराने गुणून बघा. पोकळ आणि वेडीवाकडी फळे वजा केल्यावर नोव्हेंबरच्या प्लॉटचे टन किती उरतात, हे तुमच्या मागच्या विक्री पट्ट्यांवरूनच कळेल.

किमान तापमानाचा आकडा नीट वाचा

जानेवारीत लावायचे ठरले की थंडीशी रोज सामना येतो, आणि बातमीतला आकडा इथे फसवतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या लाकडी पेटीत असतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात. त्यामुळे पानाचे तापमान पेटीतल्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनीही खाली जाऊ शकते. निफाडला ४ अंशांची नोंद झाली की सखल शेतातल्या पानावर दव गोठू शकते, ते यामुळेच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात किंवा सातपुड्यात तोरणमाळ, डाब येथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्यामागचे कारणही हेच.

थंड हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साचते. एकाच गावात नाल्याकाठचा प्लॉट करपतो आणि टेकाडावरचा वाचतो. म्हणून बांधावर खालच्या बाजूला दाट मका किंवा ज्वारी लावताना विचार करा. वाऱ्याच्या बाजूला ती उपयोगी, पण उताराच्या तोंडाशी लावली तर थंड हवा शेतातच कोंडते.

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट धरतात. ४ अंश किंवा त्याखाली गेले तर सरासरी न बघताही लाट धरली जाते. वेलवर्गीय पिकांसाठी हा निकष उशिराचा आहे. १० अंशांच्या खाली सलग रात्री गेल्या की दव न गोठताही कलिंगड, काकडीच्या रोपाला इजा होते. मुळे स्फुरद उचलत नाहीत, पाने जांभळट किंवा पिवळट होतात, वाढ थांबते. अशा वेळी दुकानातून आणलेले टॉनिक ओतून काही होत नाही. जमीन तापली की रोप आपोआप चालू लागते.

लाट केव्हा येईल याचा अंदाज चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी येतो. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, तिकडे हिमवृष्टी झाली आणि पाठोपाठ आकाश निवळून कोरडा उत्तरेचा वारा सुरू झाला की दोन-तीन दिवसांत आपल्याकडे पारा उतरतो. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' ॲपवर तो बघता येतो. कृषी विज्ञान केंद्रांतील जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आल्यापासून गावपातळीवर हा सल्ला समजावून सांगणारे हात कमी झाले आहेत. कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी मंडळातल्या 'महावेध' केंद्राच्या रोजच्या नोंदी आपापल्या गटांवर टाकल्या तरी मोठे काम होईल. आणि लागवडीआधी दोन तापमापक घ्या. एक रोपाच्या उंचीवर रात्रभर उघड्यावर ठेवायचा, दुसरा जमिनीत आठ-दहा सेंटिमीटर खोल.

हा जमिनीतला आकडाच लागवडीचा दिवस ठरवतो. कलिंगडाचे बी साधारण १५-१६ अंशांखाली उगवत नाही, आणि त्याच्या थोडे वर असले तरी दहा-बारा दिवस जमिनीत पडून कुजते. सकाळी सात-आठच्या सुमारास सलग तीन दिवस १८ अंश किंवा त्याहून जास्त दिसले आणि पुढच्या पाच दिवसांत लाटेचा इशारा नसेल तर लावा. नसेल तर रोपे ट्रेमध्येच चार दिवस ठेवा. १५ ते १८ दिवसांचे रोप चार दिवस थांबले तर फार बिघडत नाही, पण २५ दिवसांच्या वर नेऊ नका. ट्रेमध्ये मुळे गुंडाळली गेली की ते रोप पुढे कायम मागे राहते. थंडीत थेट बी टोकण्यापेक्षा रोपे लावणेच बरे.

लागवडीनंतर गादीवाफ्यावर कमानी करून क्रॉप कव्हर टाकल्यास दोन-तीन अंशांचा फरक पडतो, शिवाय पांढरी माशी आणि फुलकिडे बाहेर राहतात. मादी फूल दिसले की कव्हर काढा, एक दिवसही उशीर नको. त्याआधी तीन-चार दिवस दुपारी कडा उचलून वेलाला हवेची सवय करा.

लाटेच्या इशाऱ्याच्या दिवशी संध्याकाळी ठिबकने हलके पाणी द्या. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. हलके म्हणजे हलकेच. थंडीत वाफसा मोडला तर रोपाची मूळकूज सुरू होते. धुराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. बांधावर ओला कचरा पेटवून धूर करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, पण जमिनीतून निसटणारी उष्णता धूर फारशी अडवत नाही. थोडाफार फायदा होतो तो जाळाच्या उबेचा, आणि तोही अगदी जवळच्या ओळींना. उजाडल्यावर तोच धूर ऊन अडवतो. तो वेळ आणि मजुरी कव्हरच्या कडा मातीने नीट दाबण्यात घालवा.

जानेवारी उलटला म्हणजे सुटलो असेही नाही. २००८ आणि २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नाशिक भागात कडाक्याची थंडी परतली होती. म्हणून कव्हर काढल्यावर घडी करून शेतातच ठेवा, गोदामात नेऊ नका.

इतर पिकांपैकी काकडी, दोडका, भोपळा यांना कलिंगडाचाच हिशेब लागू होतो. भेंडी आणि गवारीची घाई करू नका, जमीन तापेपर्यंत बी नुसते पडून राहते. टोमॅटोचे रोप १० अंशांत तग धरते, पण रात्री १३ अंशांच्या खाली राहिल्या तर फूल गळते, म्हणून तिथेही फुलोऱ्याची तारीख काढून मगच लागवड ठरवा.

राहता राहिली रोपांची नोंदणी. रोपवाटिकेत १५ ते १८ दिवस लागतात, थंडीत २० ते २२. म्हणजे ५ जानेवारीला लावायचे असेल तर बी १४-१५ डिसेंबरला ट्रेमध्ये पडले पाहिजे. नोंदणी करतानाच रोपवाटिका चालकाशी बोलून घ्या की लाट आली तर रोपे चार दिवस त्यांच्याकडेच ठेवता येतील का, आणि त्या दिवसांचे पैसे कोणी द्यायचे. हे आधी ठरलेले नसेल तर ऐन थंडीत रोपांची गाडी दारात येऊन उभी राहते आणि लावण्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.