कण केवढा?

या अंकातला मुख्य लेख महाबळेश्वरच्या ढग-प्रयोगशाळेवर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ती २०१२ साली उभारली. पावसाळ्यात तिथे ढगच जमिनीवर उतरतात, त्यांच्या अभ्यासासाठी विमान उडवावे लागत नाही.

ढगातला थेंब हवेतल्या बारीक कणाभोवती धरतो, त्यामुळे कण केवढा याला महत्त्व. पण उत्तरे तीन मिळतात. एक यंत्र कणाला विद्युतभार देऊन विद्युतक्षेत्रात तो किती झपाट्याने सरकतो ते पाहते, दुसरे त्याने विखुरलेला प्रकाश मोजते, तिसरे वेग घेणाऱ्या हवेत तो किती मागे रेंगाळतो ते. काजळीचा विस्कटलेला पुंजका तिन्हींत तीन आकारांचा भरतो. त्यात महाबळेश्वरचा जुलै! दमट हवेत मिठाचा कण पाणी पिऊन फुगतो, म्हणून नमुना आधी वाळवायचा. आणि वाळवला, की तो ढगात होता तसा उरत नाही.

'पीएम २.५'च्या एका आकड्यावर आमचे तरी आता समाधान होत नाही. तो हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनाचा आकडा. संख्येने बहुधा जास्त असणारे ०.१ मायक्रॉनच्या आतले कण त्यात जेमतेम दिसतात. लेखातले आलेख बघताना आडव्या अक्षावर कोणता व्यास आहे, ते आधी वाचा.