व्यायाम कमी, कारण सवड कमी

पहाटे पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर किंवा मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती नजर टाकली, तर शहरे आरोग्याबाबत जागरूक झाली आहेत, असे कुणालाही वाटावे. आकडेवारी मात्र वेगळेच चित्र दाखवते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. २००० मध्ये हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस हालचाल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे.

या सरासरीमागे मोठी तफावत दडलेली आहे. अपुरी हालचाल असलेल्यांचे प्रमाण भारतीय पुरुषांत ४२ टक्के, तर महिलांत ५७ टक्के आढळले. जगभरात हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २९ आणि ३४ टक्के आहे. म्हणजे जगात पाच टक्क्यांचे असलेले अंतर भारतात पंधरा टक्क्यांवर जाते.

'घरकाम हाच बायकांचा व्यायाम' हा समज येथे तपासून पाहावा लागतो. या निकषात घरकामही धरले जाते. पण त्यासाठी दम लागेल इतके श्रम व्हावे लागतात. स्वयंपाक, आवराआवर यांत तसे श्रम क्वचितच होतात. वेळ मात्र भरपूर जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिलांची दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे त्यात खर्ची पडतात. पुरुषांची अवघी ८८. सकाळी डबे भरायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकाला लागायचे, तर फिरायला जायचे केव्हा?

वयाचा विचार केल्यास या तफावतीची सुरुवात शालेय वयातच झालेली दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीनुसार, जगातील ११ ते १७ वयोगटातील ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली दररोज तासभर हालचालीचा निकष पूर्ण करत नव्हत्या. साठीनंतर स्त्री-पुरुष दोघांचीही हालचाल घटते. बागेत ज्येष्ठांची गर्दी दिसते खरी. परंतु घरातच बसून राहणारे नजरेस पडत नाहीत. पासष्टीनंतर चालण्याच्या जोडीला आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत, अशी संघटनेची शिफारस आहे. पडून हाड मोडण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

'भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदे'च्या २०२३ मधील अभ्यासानुसार, देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. अशा वेळी आळसाला दोष देऊन भागणार नाही. गृहिणींना थोडीफार सवड मिळते ती दुपारी, आणि नेमकी तेव्हाच अनेक शहरांतील महापालिकेची उद्याने बंद असतात. उद्यानांच्या वेळा बदलणे महापालिकांच्या हाती आहे. सकाळच्या डब्यांची वाटणी मात्र घरातच व्हावी लागेल.