'इराणी' म्हणजे कोण?

भाषांतराच्या तासास एके दिवशी एक साधेसे वाक्य आले : 'कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात आम्ही इराणी चहा घेतला.' आमच्यापैकी बहुतेकांनी दोन्ही ठिकाणी 'इरेनियन' हा इंग्रजी शब्द निःशंकपणे लिहून टाकला. व्याकरण शुद्ध होते, पण अर्थ? इराण देशात चहा बहुधा बिनदुधाचाच पितात. आटविलेल्या दुधात चहाचा कडक अर्क मिसळून, उस्मानिया बिस्किटाच्या जोडीने घ्यावयाचा हा चहा आपल्या हैदराबादचा! काचीगुड्यात तो ज्याने प्याला, त्यास हे सांगावयास नको.

इंग्रजीत 'इरेनियन' म्हणजे मुख्यतः इराण या राष्ट्राचा नागरिक. १९३५ साली तेथील सरकारने परराष्ट्रांना 'पर्शिया'ऐवजी 'इराण' हे नाव वापरण्याची विनंती केली. ते नाव नवे नव्हते. तेथील लोक आपल्या भूमीस शतकानुशतके इराणच म्हणत आले होते, आणि 'आर्य' या शब्दाशी त्याचे नाते आहे. 'पर्शिया' हे मात्र पार्स या एका प्रांतावरून ग्रीकांनी साऱ्या देशास दिलेले नाव. आपले 'पारशी' व 'फारसी' हे शब्दही त्या पार्सचेच. भाषाशास्त्रज्ञांचा अर्थ आणखी निराळा. पश्तू ही 'इराणी' कुळातील भाषा. पण ती बोलणारा पठाण इराणचा नागरिक असेलच असे नाही. उलट इराणात राहून तुर्की कुळातील भाषा बोलणारा अझरबैजानी पूर्णपणे इराणी नागरिक आहे.

मराठीत तर हा शब्द पुष्कळदा आडनाव होऊन बसला आहे. पारशी लोक अनेक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले. त्याच झरथुष्ट्री धर्माची जी कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून पुढे आली, ती मुंबई-पुण्यात 'इराणी' म्हणून ओळखली गेली. १९३१ साली 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट निर्माण करणारे अर्देशीर इराणी पुण्यात जन्मले होते. पुढे १९३३ साली फारसी भाषेतील पहिला बोलपटही त्यांनीच मुंबईत तयार करविला. नावाने इराणी, जन्माने पुणेकर, कर्तृत्वाने दोन्ही देशांचे ऋण फेडणारे! त्यांना एकाच शब्दात कसे कोंडावे?

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु वर्तमानपत्रांत 'इराणी टोळी' असे शब्द अधूनमधून वाचावयास मिळतात. ज्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी आले, अशा येथल्याच नागरिकांच्या वस्त्यांना उद्देशून ते लिहिलेले असतात. अपराध चौघांनी करावा आणि डाग साऱ्या समाजाच्या नावास लागावा, हा कोणता न्याय? त्या वस्तीतील शाळकरी मुलाने हजेरीच्या वेळी आपले नाव ताठ मानेने कसे उच्चारावे?

आणि परके म्हणावे तरी कोणाला? कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हमदानकडचा. हैदराबाद नगराच्या रचनेशी ज्याचे नाव जोडले जाते, तो मीर मोमीन अस्तराबादचा. आपल्या पाठीवरचे दप्तर, त्यातील कागद, पायाखालची जमीन, समोरचा बाजार, इतकेच काय, महाराष्ट्राने अभिमानाने मिरविलेले 'पेशवा' हे पदही फारसीच्या वाटेने मराठीत आले. ते शब्द काढून टाकले, तर आपली भाषा अडखळेल.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : 'इराणी' हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपण देश सांगत आहोत, की भाषा, की आडनाव, की नुसता चहा, हे मनाशी ठरवावे. आणि अपराधाची वार्ता सांगताना अपराध्याचे नाव सांगावे, त्याच्या जमातीचे नव्हे. भाषांतराची चूक गुरुजींच्या लाल शाईने दुरुस्त होते. माणसास चुकीचे नाव दिल्याची चूक मात्र आपली आपणच दुरुस्त करावी लागते.